तारेवर भार टाकताना

जाम नदीत शिडाची होडी चालत नाही. सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामधून ती वाहते, पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात पात्रातले दगड उघडे टाकते, आणि बाहेरच्या जगाला ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे, म्हणजे दोन काठांमधल्या दगडफेकीमुळे, माहीत आहे. पसरलेलं पाणी पाहायचं तर इथल्या माणसाला मोर्शीकडे अप्पर वर्धा धरणावर जावं लागतं, नाहीतर पेंचच्या जलाशयाकडे. तरीही दोन सांगाड्यांच्या छोट्या शिडाच्या होडीवर, म्हणजे कॅटामरानवर, ट्रॅपीझचा हार्नेस कसा वापरायचा हे शिकवणारं हे पुस्तक आधी इथल्या मुलामुलींच्या हाती पडावं, अशी माझी इच्छा आहे. ती का, हे सांगता सांगता ही प्रस्तावना लांबली आहे.

शिडाच्या होडीची शर्यत हा बंदराकाठच्यांचा खेळ, ही समजूत आपल्याच मध्य प्रदेशातल्या मुलींनी मोडून काढली. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत लेझर ४.७ या प्रकारात हर्षिता तोमरला कांस्यपदक मिळालं. ती होशंगाबादची, आजच्या नर्मदापुरमची. २०२३ मध्ये हांगझोऊला नेहा ठाकूरने मुलींच्या आयएलसीए-४ प्रकारात रौप्यपदक मिळवलं; ती देवास जिल्ह्यातल्या अमलतास गावच्या शेतकरी घरातली. दोघी शिकल्या भोपाळच्या मोठ्या तलावावर. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब. पांढुर्ण्याच्या स्टेशनवरून इटारसीकडे जाणारी गाडी पुढे याच भोपाळला पोहोचते. सौंसर आणि पांढुर्णा मिळून २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. त्या जिल्ह्याच्या क्रीडा नकाशावर कबड्डी आणि कुस्तीच्या जोडीला शीडनौका का असू नये, याचं सयुक्तिक कारण मला कुणी देऊ शकलेलं नाही.

हर्षिता आणि नेहा यांच्या होड्या एकट्याने चालवायच्या. त्यांत ट्रॅपीझ नसतो. होडीच्या तळाशी एक पट्टा असतो, त्यात पाय अडकवून खेळाडू पाठीमागे बाहेर झुकतो, आणि मांड्या पेटेपर्यंत तसाच राहतो. काम मात्र तेच: वारा होडीला एका बाजूला कलवतो, माणूस आपलं वजन दुसऱ्या बाजूला नेऊन तिला सरळ ठेवतो. ट्रॅपीझ हे याच कामाचं पुढचं पाऊल आहे. डोलकाठीच्या वरच्या भागातून एक तार खाली येते, तिच्या टोकाला कडी असते, माणसाच्या कंबरेला हार्नेस असतो, हार्नेसला हुक असतो. हुक कडीत अडकवून माणूस होडीच्या कडेवर पाय रोवतो आणि पाण्यावर जवळजवळ आडवा होतो.

पाहणाऱ्याला ही कसरत वाटते. हिशेब मांडला की तिच्यातली निकड कळते. हॉबी १६ ही जगातली फार लोकप्रिय छोटी कॅटामरान. कॅलिफोर्नियात लाटांवर सरकायच्या फळ्या बनवणाऱ्या हॉबी ऑल्टर यांनी १९७० च्या सुमारास ती बाजारात आणली आणि तिच्या एक लाखाहून जास्त प्रती बांधल्या गेल्या. लांबी ५.०५ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन सुमारे १४५ किलो, डोलकाठी ८ मीटरची, दोन्ही शिडं मिळून सुमारे २० चौरस मीटर कापड. दोन अरुंद लांब सांगाडे, नाविक त्यांना हल म्हणतात, आणि मध्ये ताणून बांधलेली जाळी, जिला ट्रॅम्पोलिन म्हणतात. इतक्या हलक्या होडीवर इतकं कापड, म्हणजे जरा वारा आला की वाऱ्याकडचा हल पाण्यातून वर उचलला जाणारच. तो उचलला गेला की सगळी होडी वाऱ्याआडच्या हलावर तोललेली असते. त्या हलापासून होडीच्या स्वतःच्या वजनाचा मध्य साधारण १.१ मीटरवर, १४५ गुणिले १.१, म्हणजे सुमारे १६० चा तोल होडी स्वतः देते. ६५ किलोचा माणूस वाऱ्याकडच्या हलाच्या कडेवर नुसता बसला तर तो २.२ मीटरवर असतो, त्याचे १४३. तोच माणूस तारेवर उभा राहिला की त्याच्या देहाचा मध्य आणखी सुमारे एक मीटर बाहेर जातो आणि आकडा २०८ वर पोहोचतो. हॉबीवर सुकाणूवरचा आणि जोडीदार असे दोघंही बाहेर जाऊ शकतात. दोघांची मिळून भर १३०. म्हणजे अख्ख्या होडीचं वजन जेवढा तोल देतं, त्याच्या चार-पंचमांश तोल दोन माणसं फक्त एक मीटर बाहेर सरकून मिळवतात. एक पैशाचं इंधन नाही, एक किलोचं जादा वजन नाही.

ही युक्ती युरोपातल्या क्लबांना सुचण्याच्या कितीतरी आधी हिंदी महासागरातल्या कोळ्यांना ठाऊक होती. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर ओरुवा नावाची होडी चालते. एका बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेला लाकडी तरंगा. वारा वाढला की माणसं त्या दांड्यांवर बाहेर सरकून बसत, आणि वाऱ्याचा जोर किती माणसं बाहेर गेली यावर मोजत: एका माणसाचा वारा, दोन माणसांचा वारा. आपल्या दक्षिण कोकणात, मालवणाच्या बाजूला, लहान होडीला जो तरंगा बांधतात त्याला उलांडी म्हणतात. अरुंद होडीला रुंदी द्यायची आणि रुंदीच्या टोकाशी वजन खेळवायचं, हे ज्ञान तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. म्हणून मालवणातल्या एखाद्या मुलाला कॅटामरान दाखवली तर त्याला ती परकी वाटू नये. तारेचा भाग तेवढा नवा.

तार आली इंग्लंडमधून, आणि ती येताच तिच्यावर बंदी घातली गेली. १९३८ साली फाल्मथला प्रिन्स ऑफ वेल्स कप या प्रतिष्ठेच्या शर्यतीत जॉन विंटर आणि पीटर स्कॉट यांनी ‘थंडर अँड लाइटनिंग’ नावाची होडी उतरवली. दक्षिण ध्रुवाहून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांचा हा मुलगा पुढे पक्षी आणि निसर्गसंवर्धनासाठी जगभर ओळखला गेला. डोलकाठीवरून आलेल्या तारेला लटकून एक जण पूर्ण बाहेर उभा आहे, हे दृश्य काठावरच्या लोकांनी त्या दिवशी पाहिलं, आणि ती होडी जिंकली. शर्यतीच्या नियमकर्त्यांनी लगेच त्या प्रकारात ट्रॅपीझला मनाई केली. पुढे फ्लाइंग डचमन, फाइव्ह-ओ-फाइव्ह, फायरबॉल, ४७० अशा होड्यांवर ट्रॅपीझ नेहमीचा झाला. १९७६ च्या ऑलिम्पिकमध्ये रॉडनी मार्च यांनी आखलेली टॉर्नेडो ही कॅटामरान आली आणि २००८ पर्यंत टिकली. २०१६ पासून त्या जागी नाक्रा १७ आहे, जिच्यावर एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी लागते.

आपल्याकडचा इतिहास लहान आहे, पण त्यात अभिमान बाळगावा अशा गोष्टी आहेत. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतल्या शीडनौकांच्या शर्यती दिल्लीत होऊ शकत नव्हत्या. त्या मुंबईच्या बंदरात झाल्या. तिथे फायरबॉल प्रकारात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकलं. फायरबॉलवर एक जण सुकाणूपाशी आणि दुसरा तारेवर. मुंबईच्या पाण्यावर ट्रॅपीझला लटकून मिळवलेलं ते सोनं आज चाळीस वर्षांनीही पुरेशा लोकांना माहीत नाही, याची मला खंत आहे. २०१८ ला जकार्तात मुंबईच्या श्वेता शेर्वेगार आणि चेन्नईच्या वर्षा गौतम यांनी ४९ईआर एफएक्स प्रकारात रौप्यपदक मिळवलं. त्या होडीवर दोघीही तारेवर असतात. आणि २०२३ ला हांगझोऊला भारताने नाक्रा १७ मध्ये जी जोडी उतरवली ती सिद्धेश्वर दोईफोडे आणि रम्या सरवणन यांची. दोईफोडे हे आडनाव वाचून मराठी माणसाच्या मनात समुद्र येत नाही, शेतशिवार येतं. ते नाव ऑलिम्पिक दर्जाच्या कॅटामरानवर पाहिलं तेव्हा हे पुस्तक मराठीत असायला हवं, असं मला पहिल्यांदा तीव्रतेने वाटलं.

आता मूळ विषयाकडे. ट्रॅपीझ शिकणाऱ्याची पहिली अडचण भीती ही नसते. भीती तर असतेच, पण ती लवकर जाते. खरी अडचण अशी की माणूस तारेवर जाऊनही उभाच राहू पाहतो. जमिनीवर जन्मभर वजन तळपायांवर पेललेलं असतं, ती सवय सुटत नाही. मग गुडघे वाकलेले, पोट आत ओढलेलं, एक हात तारेची पकड गच्च आवळून, आणि सगळा देह होडीकडे झुकलेला, असा शिकाऊ माणूस दहा मिनिटांत थकून आत येतो आणि म्हणतो, याला फार ताकद लागते. ताकद फार लागत नाही. नीट लटकलेल्या माणसाचं जवळपास सगळं वजन तारेवर असतं, तार ते डोलकाठीवर नेते, आणि पाय फक्त होडीला आडवा रेटा देतात. वजन कंबरेपासून वर गेलं, पाय मोकळे झाले, हे एकदा अंगाला कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. हात मोकळे राहतात; एका हातात शिडाचा दोर, दुसरा हात गरजेपुरता. या पुस्तकातली निम्मी पानं या एका समजुतीसाठी लिहिली आहेत, आणि ती पानं मला सर्वांत महत्त्वाची वाटतात.

म्हणून हार्नेस अंगाला कसा बसतो याला फार महत्त्व आहे. सैल हार्नेस पाण्यात भिजून आणखी सैल होतो, हुक बेंबीपासून छातीकडे सरकतो, आणि मग तारेवर भार टाकला की कंबर खाली लोंबते आणि देह आडवा होतच नाही. हुक बेंबीच्या जरा खाली, देहाच्या मध्याशी हवा. खांद्यांचे पट्टे, मांड्यांमधले पट्टे, कंबरेचा पट्टा, सगळे किनाऱ्यावर किंचित जाचतील इतके आवळलेले हवेत. हुक ज्या धातूच्या पट्टीवर असतो ती पट्टी पोटाला समांतर राहिली पाहिजे, तिरकी नको. तरंगायला मदत करणारं जॅकेट हार्नेसच्या वर की खाली, यावर नाविकांचे वाद होतात. माझं मत असं की हुक दिसला पाहिजे आणि हाताला लागला पाहिजे, बाकी सोयीप्रमाणे. पोहता आलंच पाहिजे, त्याला पर्याय नाही.

कडीची उंची हा दुसरा मुद्दा. हलाच्या कडेवर बसून हुक अडकवला की तार ताठ व्हावी आणि बूड किंचित उचलल्यासारखं वाटावं. नवशिक्यासाठी ही उंची बरी. बाहेर गेल्यावर देह अगदी आडवा होणार नाही, थोडा उभट राहील, पण आत येणं सोपं जाईल. अनुभवी माणूस दोर सोडून कडी खाली घेतो, कारण देह जितका आडवा तितका तोल जास्त. पण खाली लटकलेल्या माणसाला लाट लागते, आणि लाट लागली की पाय निसटतात. घाईने कडी खाली घेणारे शिकाऊ मी पुष्कळ पाहिले. त्यांना मी वर घ्यायला सांगत आलो आहे.

बाहेर जाण्याचा क्रम पुस्तकात चित्रांसह आहे, तरी त्याचं सार इथे देतो. कडेवर बसा. कडी हुकात घाला आणि तिचा ताण हाताने तपासा. शिडाचा दोर सोडू नका. मग बूड बाहेर सरकवा, तार सगळं वजन घेईपर्यंत. इथे नवशिका थबकतो, कारण बुडाखालची होडी संपते आणि तारेवर अजून विश्वास बसलेला नसतो. या जागी थांबणं चुकीचं नाही. हवं तर बसल्या बसल्या तारेवर झोके घ्या, पुन्हा आत या, पुन्हा बाहेर जा. त्यानंतर नाळेकडचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडचा, पाय हलाच्या कडेवर रोवा आणि त्याच पायाने स्वतःला बाहेर ढकला. मागचा पाय नंतर येतो. दोन्ही पायांत खांद्यांइतकं अंतर. नाळेकडचा पाय जवळजवळ ताठ, मागचा गुडघा जरा सैल. नजर पाण्यावर, पुढे. परतताना हाच क्रम उलटा: पकड धरा, मागचा गुडघा वाकवा, मग बूड कडेवर, मग आत, आणि हुक सगळ्यांत शेवटी. होडी वळवायची असेल तेव्हा आत यायचं, हुक सोडायचा, जाळीवरून पलीकडे जायचं आणि तिथली कडी घ्यायची. वापरात नसलेली कडी हवेत भिरभिरू नये म्हणून ती रबरी दोराने जाळीखालून दुसऱ्या बाजूच्या कडीशी बांधलेली असते.

नाळेकडचा पाय ताठ ठेवायचा तो कॅटामरान अचानक थांबते म्हणून. दोन अरुंद हल पाणी कापत वेगाने जातात, आणि हॉबी १६ च्या नाळांमध्ये तरंगण्याचा जोर फार नाही. शीड भरलेलं असताना वाऱ्याआडच्या हलाची नाळ लाटेत घुसली की होडी एका क्षणात मंदावते. तारेवरचा माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो. तार डोलकाठीला बांधलेली असल्याने तो पुढच्या बाजूने वळसा घेत झोकला जातो, आणि कधी कधी पाठोपाठ अख्खी होडी नाळेवरून पालथी होते. हे टाळायचं तर वजन होडीच्या लांबीत कुठे ठेवायचं, हे कळायला हवं. बैलगाडी भरणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही: मागे जास्त माल पडला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त पडला की जू बैलांच्या मानेवर दाबतं, आणि वाट उताराची असेल तेव्हा माल थोडा मागेच बरा. कॅटामरानवर वाऱ्याच्या तोंडाकडे चढत जाताना माणसं पुढे, डोलकाठीच्या आधाराच्या तारेजवळ उभी राहतात. वारा बाजूने किंवा मागून असेल, वेग वाढलेला असेल, तेव्हा ती मागे सरकतात, आणि बऱ्याच होड्यांवर मागच्या बाजूला पाय अडकवायला पट्टा किंवा धरायला दोर असतो. तो वापरायला लाजू नये.

दुसरा धोका यापेक्षा गंभीर आहे आणि त्याबद्दल मी पुस्तकाच्या लेखनात कुठेही हात आखडता घेतलेला नाही. होडी पालथी झाली, माणूस पाण्यात गेला, आणि हुक कुठल्या तरी दोरात किंवा तारेत अडकलेला राहिला, तर तो पाण्याखाली अडकू शकतो. अशा अपघातांत जगभरात माणसं दगावली आहेत. त्यावर उपाय म्हणून ताण असतानाही एका झटक्यात सुटणारे हुक तयार झाले, आणि शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी १ जानेवारी २०२३ पासून ट्रॅपीझच्या हार्नेसला असा चटकन सुटण्याचा बंदोबस्त असणं बंधनकारक केलं. शर्यतीला न उतरणाऱ्यानेही हाच नियम स्वतःला लावून घ्यावा. जुना, स्वस्तात मिळालेला, हुक पक्का शिवलेला हार्नेस आपल्याकडे एका हातातून दुसऱ्या हातात जात राहतो; तो घेऊ नका. आणि नवा घेतला तरी तो सोडण्याचा सराव करा. डोळे मिटून, डाव्या हाताने, उजव्या हाताने, लटकलेल्या अवस्थेत, आणि मग कंबरभर पाण्यात. सुटणारा हुक जवळ आहे पण तो कसा सुटतो हे हाताला माहीत नाही, यात सुरक्षितता काहीच नाही. छोटा चाकू दोरीने हार्नेसला बांधलेला असावा. होडी कलंडली की पहिलं काम हुक सोडणं. चष्मा, टोपी, सुकाणू सगळं नंतर.

इथे सावरगावच्या वाचकाशी दोन शब्द स्वतंत्रपणे बोलायचे आहेत. धाडसाची आपल्याकडे उणीव नाही. जाम नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडावरच्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दगड येत असताना जे तरुण पाण्यात पुढे सरकतात, त्यांच्या धीराबद्दल मला कुणी सांगायला नको. गोटमारीत जखमी झालेली माणसं, गमावलेले जीव, त्या घरांचं दुःख हेही आपल्याला माहीत आहे. तारेवर जायला यापेक्षा फार वेगळा गुण लागतो. तिथे अंगावर काही झेलायचं नसतं. कडी तपासायची असते, पट्टा ओढून बघायचा असतो, तारेची एखादी पिळी तुटलेली नाही ना हे बोटांनी चाचपायचं असतं, जोडीदाराला विचारायचं असतं, आणि वारा जास्त आहे असं वाटलं तर त्या दिवशी बाहेर न जाण्याचा निर्णय मित्रांसमोर मोठ्याने सांगायचा असतो. हा शेवटचा भाग मला तरुणपणी सर्वांत जड गेला. आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत हा भाग ज्याला लवकर जमतो, तो पुढे तारेवर सर्वांत शांत असतो, असं मी पाहत आलो आहे.

शिकायला किती वारा हवा, याचं उत्तर मुंबईच्या बंदरावरून देता येईल, कारण तिथला शीडनौकांचा सराव फार जुना आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. सैन्याचं आणि नौदलाचं प्रशिक्षणही कुलाब्याच्या पाण्यावर चालतं. पावसाळा सरला की ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत तिथला दिवस ठरल्यासारखा असतो. सकाळी जमिनीकडून येणारा हलका मतलई वारा, दुपारच्या आत तो पडतो, आणि मग वायव्येकडून खारा वारा उचलतो. सकाळचा वारा होडीला ओळखण्यासाठी, कडेवर बसण्यासाठी. दुपारी वारा ८ ते १० नॉटवर, म्हणजे ताशी १५ ते १८ किलोमीटरवर आला की पहिल्यांदा तारेवर जायची वेळ. त्याहून कमी वाऱ्यात बाहेर गेलेला माणूस होडीला आपल्याच बाजूला कलवतो आणि स्वतः पाण्यात बसतो. त्याहून बराच जास्त असेल तर शिकायला उसंत मिळत नाही. तलावावरचा वारा झाडाझुडपांमुळे आणि टेकड्यांमुळे तुटक येतो. भोपाळच्या तलावावर किंवा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या छात्रांना जिथे नौकानयन शिकवतात त्या खडकवासल्याच्या पाण्यावर झुळूक येते, पडते, दिशा बदलते. समुद्रावरच्या लोकांना हे गैरसोयीचं वाटतं. मला वाटतं, तलावावर तयार झालेल्याच्या पायांना वारा कमी-जास्त झाल्याची चाहूल आधी लागते, कारण त्याला सतत आत-बाहेर करावं लागलेलं असतं.

एका हलाच्या होडीवर ट्रॅपीझ आधी शिकावा की कॅटामरानवर, असा प्रश्न येतो. कॅटामरान रुंद असते, सहज डुलत नाही, पायाखालची कड स्थिर वाटते, त्यामुळे पहिली पावलं तिच्यावर सोपी पडतात. ४७० वर कडेला उभं राहिलेला माणूस होडीच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर वर-खाली होतो. उलट कॅटामरानचा वेग पटकन वाढतो आणि चूक महागात पडते. मी कॅटामरानचीच बाजू घेतो, मात्र वारा बेताचा आणि शिकवणारा सोबतीला असेल तर.

पहिल्या प्रकरणाला पाणी लागत नाही. मजबूत तुळईला, भिंतीच्या अगदी जवळ, दोर बांधायचा, खाली गादी घालायची, हार्नेस चढवून हुक अडकवायचा आणि पाय भिंतीला टेकवून बाहेर ढकलायचं. जमीन हातभर खाली असते, त्यामुळे इथे चुकायला मोकळीक आहे. वजन पायांतून निघून कंबरेवर गेल्याचा क्षण इथे अनुभवता येतो, आणि झटक्याने हुक सोडायचा सरावही इथेच करून घेता येतो. दोर आणि तुळई जाणत्या माणसाने तपासलेली असावी, लहान मुलांनी एकट्याने हे करू नये.

शेवटची विनंती सुकाणूवर बसणाऱ्यांना आहे. ट्रॅपीझ शिकणं हे तारेवरच्या एकट्याचं काम आहे असं समजून सुकाणूवरचा माणूस आपल्या शिडाकडे पाहत राहतो, आणि नवशिक्याचे बहुतेक हाल तिथून सुरू होतात. माणूस बाहेर असताना सुकाणू झटक्याने फिरवलं, शीड एकदम सोडलं, होडी वाऱ्यात घातली, की तिचा कल जातो आणि तारेवरचा पाण्यात आदळतो. एकदा असा आदळलेला माणूस पुढचे कित्येक दिवस गुडघे सरळ करत नाही. म्हणून वळण्याआधी मोठ्याने सांगा, उत्तर आल्याशिवाय वळू नका, झुळूक पडताना दिसली तर होडीची नाळ थोडी वाऱ्यापासून दूर वळवा म्हणजे शीड भरलेलं राहील, आणि जोडीदार आत येईपर्यंत होडीचा वेग एकसारखा ठेवा. तुमच्यासाठी या पुस्तकात दोन प्रकरणं आहेत, आणि ती तारेवर जाणाऱ्याने वाचण्याआधी तुम्ही वाचावीत.